सापळे मिळाले नाहीत, तरी पतंग मोजा

गेल्या पंधरवड्यात आलेले बहुतेक प्रश्न पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीचे होते. निम्म्या जणांची तक्रार एकच: "शेजारच्या गावात गुलाबी बोंडअळीचे कामगंध सापळे फुकट वाटले, आमच्या गावाला का नाही?" काहींनी विचारलं, "सापळ्यात चार-पाच पतंग पडले, कोणतं औषध मारू?" आणि एका ताईंचा प्रश्न होता, "दुकानदारानं तीन औषधं एकत्र करून मारायला सांगितली, चालेल का?"

आधी फुकटच्या सापळ्यांचं. मादीच्या वासाची गोळी (ल्युर) लावून बोंडअळीचे नर पतंग पकडणारे हे सापळे सरसकट प्रत्येक शेतकऱ्याला मिळत नाहीत. निवडलेल्या गावात पीक प्रात्यक्षिक आणि शेतीशाळा असते, तिथल्या गटाला सापळे, निंबोळी अर्क, जैविक औषधं अशी सामग्री दिली जाते. बाकीच्यांसाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर त्या त्या वर्षी जे घटक खुले असतील, त्यात अर्ज करायचा. फार्मर आयडी काढलेला नसेल तर ते काम आजच उरका. मात्र मोठ्या रकमेची आशा धरू नका. कडधान्याच्या अभियानात पीक संरक्षणाला किमतीच्या 50 टक्के, पण हेक्टरी कमाल 500 रुपये, अशी मर्यादा वर्षानुवर्षं होती. तेवढ्यासाठी हंगामभर वाट बघण्यात अर्थ नाही. देखरेखीला एकरी दोनच सापळे लागतात, ते गाठचे पैसे घालून घेतले तरी एका फवारणीपेक्षा स्वस्त पडतात.

सरकारची खरी मदत वेगळीच आहे आणि ती कोणी मागत नाही. 2008 साली विदर्भात सोयाबीनवर पानं खाणाऱ्या अळ्या तुटून पडल्या, त्यानंतरच्या हंगामापासून राज्यात क्रॉपसॅप म्हणजे कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू झाला. ठरावीक शेतांत दर आठवड्याला किडी मोजायच्या आणि त्या आकड्यांवरून सल्ला द्यायचा, असं त्याचं काम. तुमच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) विचारा, "आपल्या मंडळात या आठवड्याची नोंद काय?" हा प्रश्न विचारणारा शेतकरी मला वर्षाकाठी एखादाच भेटतो. सापळे मागणारे रोज भेटतात. वाटलेल्यांपैकी कितीतरी सापळे मी गोठ्याच्या आढ्याला पाहिले आहेत!

आता चार-पाच पतंगांचं. एवढ्यावर औषध मारू नका. एका सापळ्यात एका रात्रीत 8 पतंग, तेही सलग तीन रात्री पडले, तर आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे फवारणीचा खर्च करावाच लागेल इतकी कीड, गाठली असं समजायचं. जोडीला दुसरी खूण बघा. शेतात फिरून एकरी 20 हिरवी बोंडं तोडा आणि चिरा. दोन बोंडांत अळी दिसली की फवारणीची वेळ झाली. बाहेरून बघून कळत नाही, कारण अळी आत शिरली की भोक बुजून जातं, बोंड ठणठणीत दिसतं आणि आत सरकी किडत असते. औषधही मग तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणूनच पतंग मोजायचे. फुलांत डोमकळ्या, म्हणजे आत अळी असल्यानं न उमलता गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली फुलं, दिसल्या तर तोडून मातीत गाडा, बांधावर फेकू नका.

सापळा पिकाच्या शेंड्यापासून फूटभर वर हवा, म्हणजे पीक वाढेल तसा तोही वर घ्यायचा. ल्युर तीन-चार आठवड्यांनी बदला. आणि मंडळी, तंबाखूचा खर्रा घोटलेल्या हातानं ल्युर लावू नका, वास मिसळला की पतंग कशाला येतील? फक्त मोजायला नाही, पतंग पकडूनच संपवायचे असतील तर एकरी आठ सापळे लागतात, आणि तेही सगळ्या शिवारानं मिळून लावले तर उपयोग. एकट्याच्या शेतातला पतंग शेजाऱ्याकडूनच आलेला असतो.

पातळी गाठायच्या आत निंबोळी अर्क मारा. 5 किलो निंबोळ्या कुटून 10 लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी गाळून 200 ग्रॅम साबणाचा चुरा घाला आणि एकूण द्रावण 100 लिटर करा. ट्रायकोकार्डं, म्हणजे अळीची अंडी संपवणाऱ्या मित्रकीटकांची कार्डं, एकरी तीन लागतात. ती संध्याकाळी पानाच्या खालच्या बाजूला टाचा आणि पुढचा आठवडा रासायनिक फवारा बंद ठेवा, नाहीतर अळीच्या अंड्यांआधी मित्रकीटकच मरतील. कार्डांसाठी कृषी विज्ञान केंद्रात किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागात आधी नोंदणी करा, दुकानातली जुनी कार्डं घेऊ नका.

ताई, तीन औषधांचा काला करू नका. पातळी ओलांडलीच तर प्रोफेनोफॉससारखं शिफारस असलेलं एकच औषध, लेबलवरच्या मात्रेत घ्या. पायरेथ्रॉइड गटातली औषधं नोव्हेंबरआधी नकोत, पांढरी माशी वाढते. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक माणसं गेली. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याएवढी झाली होती, बोंडअळीच्या धास्तीनं मिश्रणं मारली जात होती आणि फवारा अंगावरच येत होता. पंपवाला मजूर असला तरी हातमोजे, मास्क, चष्मा देणं तुमच्याकडे लागतं. वाऱ्याच्या दिशेनं चाला. मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी असं काही झालं तर माणसाला दवाखान्यात नेताना औषधाची बाटली सोबत न्या, डॉक्टरांना घटक कळला पाहिजे.

फरदडीचं, म्हणजे हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी उभी ठेवून पुन्हा कापूस घेण्याचं, विचारणाऱ्यांना एवढंच सांगतो, डिसेंबरअखेर शेत मोकळं करा. पुढच्या वर्षीची अळी तुमच्याच उभ्या पऱ्हाटीत मुक्कामाला असते.

"मोबाइलवर फोटो टाकला तर कीड कळते म्हणतात, खरं का?" खरं आहे. केंद्राची राष्ट्रीय कीड देखरेख प्रणाली 15 ऑगस्ट 2024 रोजी सुरू झाली, त्यात 61 पिकं आहेत. गुलाबी बोंडअळीसाठी मात्र बोंड चिरून, अळी दिसेल असाच फोटो काढा.