हिरवा धुरळा आणि हरवलेले धागे

प्रश्न : ताई, मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. हेला पेशींमध्ये (प्रयोगशाळेत वाढवतात त्या माणसाच्या पेशी) अँटिबॉडी लावून ट्युब्युलिन, म्हणजे पेशीतले बारीक धागे ज्याचे बनतात ते प्रथिन, दाखवायचं आहे. दोनदा केलं, दोन्ही वेळा धाग्यांच्या जाळ्याऐवजी पेशीभर हिरवा धुरळाच दिसला. सर म्हणतात, अँटिबॉडी खराब झाली असेल, नवी मागव. पण ती महाग आहे. फोटो आणि कृती सोबत पाठवते आहे.
– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : नवी मागवू नकोस. मेलेली अँटिबॉडी अंधार दाखवते, धुरळा नाही. शिवाय तुझ्या फोटोत केंद्रकाची जागा काळी आहे आणि पेशींमधली मोकळी काचही स्वच्छ आहे. नुसतं कुठेही चिकटलेलं असतं तर तिथेही हिरवं दिसलं असतं. म्हणजे अँटिबॉडी ट्युब्युलिनलाच धरते आहे. ट्युब्युलिन तेवढं सुटं झालंय.

तुझ्या कृतीत लिहिलंय, 'पेशी बर्फावर ठेवून थंड बफरने धुतल्या'. घोटाळा इथेच आहे. हे धागे जेमतेम २५ नॅनोमीटर जाडीचे, आणि थंडीत ते उसवतात. पेशी आहेत तशा पक्क्या करणारं फॉर्माल्डिहाइड तू घालेपर्यंत धागे उरलेच नव्हते. माझेही तीन आठवडे असेच गेले होते, म्हणून इतक्या कळकळीने लिहिते आहे. वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं वजनानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखायची पद्धत) शिकताना 'सगळं बर्फावर ठेवा' हे अंगात मुरतं आणि तिथे ते बरोबरच असतं, प्रथिनं कापणारे एन्झाइम थंडीत मंदावतात. ब्लॉटमध्ये प्रथिन उलगडूनच टाकतो, त्यामुळे धागा असो वा सुटं, पट्टा पन्नास किलोडाल्टनच्या (हे प्रथिनाच्या वजनाचं एकक) आसपासच येतो. इथे मात्र आपल्याला आकार बघायचा आहे.

बफर आणि ४ टक्के फॉर्माल्डिहाइड दोन्ही ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेव. माध्यम काढलंस की लगेच फॉर्माल्डिहाइड ओत, १५ मिनिटं थांब. पुढचं ट्रायटन (पेशीच्या आवरणाला भोकं पाडणारं), बीएसए (अँटिबॉडी भलतीकडे चिकटू न देणारं प्रथिन), दोन्ही अँटिबॉडी आहे तसंच राहू दे. एक काच पहिली न घालता फक्त दुसऱ्या, म्हणजे हिरव्या चमकणाऱ्या अँटिबॉडीची ठेवायला विसरू नकोस, तुझ्या यादीत ती नाही.

उणे २० अंशांचं मिथेनॉल वापरलं तरी धागे छान दिसतात, तेव्हा थंडी कशी चालते, असं तू विचारशील. मिथेनॉल पाणी खेचून प्रथिनं क्षणात गोठवतं, धाग्यांना उसवायला वेळच मिळत नाही. बर्फावरच्या बफरमध्ये पेशी जिवंत असतात, मिनिटं जात राहतात, फरक तेवढाच.

सरांना दाखवायला तीन काचा कर. एक थेट ३७ अंशांवरून पक्की कर. दुसरी अर्धा तास बर्फावर ठेवून. तिसरी तशीच बर्फावर ठेव, पण मग पाच मिनिटं ऊबदार माध्यमात घालून पक्की कर. तिसऱ्या काचेवर केंद्रकाशेजारच्या एका ठिपक्यातून चांदणीसारखे धागे पुन्हा फुटताना दिसतील. जुन्याच अँटिबॉडीने दिसतील. फोटो मलाही पाठव.