थिसिस शोधण्याआधी डिग्री कोणी दिली ते बघा

तुम्ही लिहिलंय की १९६८ च्या एका पेपरच्या शेवटी नुसतं ‘थिसिस, बॉम्बे युनिव्हर्सिटी, १९६२’ एवढंच आहे, लेखक टीआयएफआरचा (मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था), आणि शोधगंगा (भारतीय प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह), टीआयएफआरची साइट, गूगल, कुठेच काही मिळत नाही. या फंदात मी बरीच वर्षं घालवलीयत, त्यामुळे जरा लांबण लावतो.

टीआयएफआर डीम्ड युनिव्हर्सिटी (स्वतः डिग्री देऊ शकणारी संस्था) झाली २००२ मध्ये. त्याआधी तिथल्या गणितवाल्यांच्या पीएचड्या मुंबई विद्यापीठाच्या, गणितज्ञ सेशाद्रींची १९५८ ची सुद्धा. म्हणजे काम कुठेही झालेलं असो, विचारायचं विद्यापीठाच्या लायब्ररीत. शोधगंगेचं म्हणाल तर सॉफ्ट कॉपी देणं सक्तीचं झालं यूजीसीच्या २००९ च्या नियमाने, त्याआधीचं ज्यांनी मनावर घेऊन स्कॅन केलं तेवढंच तिथे, आणि तेही आडनावाचं स्पेलिंग कसं टाकलंय त्यावर, म्हणून गाईडच्या नावानेही शोधून बघा.

पण त्याच्याही आधी एक सांगा, तुम्हाला थिसिसच हवाय की त्यातलं प्रमेय? कारण प्रमेय बहुतेक वेळा दुसरीकडे छापलेलं असतं. गणितज्ञांचीच उदाहरणं घ्या: टेटचा प्रिन्स्टनचा थिसिस १९५० चा, तो छापून आला थेट १९६७ मध्ये, कॅसल्स आणि फ्रॉइलिश यांनी संपादित केलेल्या पुस्तकात. ग्रोथेन्डीकचा १९५३ चा, तो १९५५ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या मेमॉयर्समध्ये. एमी नोएथरचा एर्लांगेनचा १९०७ चा प्रबंध तर पुढच्याच वर्षी क्रेलेच्या जर्नलमध्ये आला. तेव्हा झेडबीमॅथवर (गणिताच्या पेपरांची ऑनलाइन सूची, आता फुकट आहे) लेखकाचं नाव टाकून १९६० ते ६६ मधले पेपर उघडा आणि पहिल्या पानावरची तळटीप वाचा, ‘हा माझ्या प्रबंधाचा भाग आहे’ असं बऱ्याचदा तिथेच लिहिलेलं असतं, निम्मी शोधाशोध इथेच संपते.

परदेशातला असेल तर मॅथेमॅटिक्स जिनिऑलॉजी प्रोजेक्टवरून नेमकं शीर्षक आणि गाईड काढायचा, अमेरिकेतला असेल तर प्रोक्वेस्ट (पैसे पडतात), दोन महायुद्धांमधले फ्रेंच प्रबंध न्यूमडॅमवर फुकट. ब्रिटिश लायब्ररीचं ईथॉस (तिथल्या प्रबंधांची ऑनलाइन सूची) ऑक्टोबर २०२३ च्या सायबर हल्ल्यात बंद पडलं, तेव्हापासून ब्रिटनसाठी मी थेट त्या-त्या युनिव्हर्सिटीची रिपॉझिटरी (ऑनलाइन संग्रह) बघतो.

प्रत मागवताना एक लक्षात ठेवा. माझ्याकडे एकदा मायक्रोफिल्मवरून काढलेली पीडीएफ आली. त्या काळी मजकूर टाइपरायटरवर करायचे आणि चिन्हं पेनाने भरायचे, नि फिल्मवर पातळ शाई नीट उठत नाही. साधा एक्स आणि टिल्डेवाला एक्स सारखेच दिसत होते, एका लेमापाशी (छोट्या सहायक प्रमेयापाशी) मी दोन दिवस स्वतःला मठ्ठ समजत बसलो, मग ट्यूब पेटली की डोक्यावरची नागमोडी रेघच गायब आहे. तेव्हापासून मी मूळ कागदाचेच फोटो मागतो, आणि तेही लागतील तेवढ्याच पानांचे. अख्खा थिसिस मागितला की लायब्ररीवाले टाळतात, दहा पानं मागितली की कोणीतरी काढून देतं.

मेलमध्ये लेखक, साल, गाईड, डिग्री देणारं विद्यापीठ आणि कुठलं प्रकरण हवं ते स्पष्ट लिहा. शीर्षक सापडलं की मलाही कळवा, पुढच्या महिन्यात मुंबईत आहे, कलिनाला विद्यापीठाच्या लायब्ररीत एक चक्कर मारून बघतो.