मुरुमांवर पारंपरिक चिनी काढा ‘पिपा छिंगफेई यिन’ घ्यावा का?

मुख्य उपचार म्हणून हा काढा घेऊ नये. घ्यायचाच असेल तर तो त्वचारोगतज्ज्ञांना सांगून, पूरक म्हणून आणि मर्यादित काळासाठीच घ्यावा. १७४२ साली चीनमध्ये छ्यानलुंग सम्राटाच्या आज्ञेने पूर्ण झालेल्या ‘यिझोंग जिनज्यान’ या वैद्यकग्रंथात तो आढळतो. मुरुमे फुप्फुसातील उष्णतेमुळे उठतात, या समजुतीवर त्याची रचना बेतलेली असून त्यात लोकाट या फळझाडाची पाने, तुतीच्या मुळाची साल, हुआंगल्यान (एका वनस्पतीचे मूळ), हुआंगबाई (एका वृक्षाची साल), जिनसेंग आणि ज्येष्ठमध ही द्रव्ये असतात. त्यांपैकी हुआंगल्यान व हुआंगबाई यांत बर्बेरीन हे द्रव्य असते (आपल्या दारुहळदीतही तेच असते), आणि प्रयोगशाळेत ते जिवाणू व दाह यांना आवर घालते. परंतु प्रयोगशाळेतील परिणाम म्हणजे रुग्णाच्या चेहऱ्यावरील गुण नव्हे. पूरक उपचारांचा २०१५ साली जो कॉक्रेन आढावा (अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा अभ्यास) प्रसिद्ध झाला, त्यात मुरुमांवरील वनौषधींच्या बाजूने भक्कम पुरावा आढळला नाही, तर बेन्झॉइल पेरॉक्साइड आणि अ‍ॅडापलीन या मुरुमांवर लावायच्या औषधांची उपयुक्तता चांगल्या चाचण्यांतून दिसलेली आहे. ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते, आणि बर्बेरीन गरोदरपणी व स्तनपानाच्या काळात वर्ज्य आहे. तरीही एखादा प्रशिक्षित वैद्य सौम्य मुरुमांसाठी हा काढा सुचवत असेल, तर तो सर्वस्वी त्याज्य मानण्याचे कारण नाही. मात्र घटकांची यादी नसलेली तयार पुडी ऑनलाइन मागवू नये.