शोधनिबंध वाचायला नुकती सुरुवात केलीय? मग हे आधी बघा

नुसता सारांश वाचून मत बनवू नका. लेखकांनी आपलं सगळ्यात देखणं वाक्य तिथेच ठेवलेलं असतं. सरळ 'पद्धती' या भागावर जा. किती लोक होते, तुलनेचा गट होता का, कोण कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं का, मधेच किती गळले, हे वहीत उतरवा.

आरोग्याच्या निबंधात नवखे फसतात ते टक्क्यांत. 'धोका ५०% वाढला' दिसलं की मूळ आकडा शोधा. हजारात २ जणांचे ३ झाले तरी वाढ ५०%च! सारांशात नसेल तर तो बहुधा तक्त्यात सापडतो.

मानसशास्त्रात एकट्या अभ्यासावर विसंबू नका. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रकल्पात १०० अभ्यास पुन्हा केले, तेव्हा जेमतेम ३६% निकाल सांख्यिकीयदृष्ट्या टिकले. एक कारण कॅल्क्युलेटरवरच दिसतं: २० वेळा ०.९५ घेऊन त्यांचा गुणाकार करा, उत्तर १ मधून वजा करा. ०.६४ येतं. म्हणजे परिणाम मुळात नसतानाही ०.०५ ची मर्यादा ठेवून (म्हणजे नसलेला परिणाम चुकून दिसण्याची ५% शक्यता चालवून घेऊन) २० स्वतंत्र चाचण्या केल्या, तर निदान एक 'यशस्वी' निघण्याची शक्यता ६४%. म्हणूनच पूर्वनोंदणी (काय आणि कसं मोजणार, याची अभ्यासाआधीच नोंदवलेली योजना) उघडा आणि तिथलं मुख्य मोजमाप निबंधात गुपचूप बदललं नाही ना, ते ताडून पाहा. हा कंटाळा करूच नका.

फंडांच्या अभ्यासात बंद पडलेले फंड धरलेत का बघा. वगळले तर सरासरी परतावा फुगतो.

गणिताचं वेगळं. तिथे सिद्धता कागद-पेन घेऊनच वाचायची, प्रमेय आधी सगळ्यात लहान उदाहरणावर लावून. एका ओळीवर तास गेला तरी जाऊ द्या.