जुन्या मारुती ८०० चं ब्रेक पेडल खूप खाली जातं. मागे डिस्क ब्रेक बसवून घेऊ का?

नका घेऊ, भाऊ. एवढ्या हलक्या गाडीला पुढे डिस्क, मागे ड्रम पुरतात. ब्रेक दाबला की वजन पुढच्या चाकांवर येतं, खरं काम तिथेच होतं.

दोन-तीनदा मारल्यावर पेडल कडक होत असेल तर ब्रेक ऑइलच्या लाइनीत हवा आहे, नाहीतर मागचे लायनर (ड्रमला आतून घासणारे पट्टे) सैल आहेत. सिग्नलवर दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली सरकतंय आणि बाहेर कुठे गळती नाही? मग मास्टर सिलिंडरचं (पेडल दाबलं की ऑइल ढकलणारा पंप) रबर गेलं समजा.

मागचे ड्रम समोर उभं राहून उघडवा. व्हील सिलिंडरची (चाकापाशी लायनर ड्रमवर दाबणारा छोटा सिलिंडर) रबरी टोपी जरा उचलून बघा. आत ओलं असेल तर सिलिंडर बदला. ऑइल लागलेले लायनर मिस्त्री घासून परत बसवतात, तसं करू देऊ नका. दोन्ही बाजूंचे नवेच घ्या.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं. नवं डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) किमान २०५ अंशांपर्यंत टिकतं, ओलावलेलं १४० च्या आसपासही उकळू शकतं. मे महिन्यात नागपूरच्या बर्डीच्या गर्दीत गाडी काढण्याआधी तेवढं बदलाच. डॉट ४ चालेल, सिलिकॉनवालं डॉट ५ नको.