शिडाच्या बोटीवर राहताना किनाऱ्यावरून घेतलेला किराणा पुठ्ठ्याच्या खोक्यांसह बोटीवर न्यावा का?

नेऊ नये, खोकी शक्यतो दुकानातच रिकामी करून सामान पिशव्यांत भरावे आणि मगच छोट्या होडीतून बोटीवर न्यावे. बोटीवरच घर असल्यामुळे आम्ही हा नियम कटाक्षाने पाळतो, आणि त्याचे मुख्य कारण झुरळे हे आहे. पुठ्ठ्याच्या दोन थरांमध्ये नागमोडी कागदाच्या बारीक नळ्या असतात. खोके गोदामात पडून असताना या नळ्यांत आणि घड्यांत झुरळे दडून बसतात किंवा अंड्यांच्या कुप्या ठेवून जातात. जर्मन झुरळाच्या तांदळाच्या दाण्याएवढ्या एका तपकिरी कुपीत साधारण ३० ते ४० अंडी असतात, आणि त्यांतून निघालेली पिले एकदा कपाटांच्या मागच्या फटींत शिरली की त्यांना हुसकून लावणे फार जिकिरीचे होते. शिवाय होडीत पाणी उडतेच. भिजलेल्या खोक्याचा तळ सामान वर चढवतानाच सुटतो. मात्र खोकी टाळल्याने धोका पूर्णपणे टळत नाही, कारण केळीचे घड आणि कांदा-बटाट्याची पोती यांतूनही किडे येतात. त्यामुळे हे जिन्नस होडीत ठेवण्यापूर्वी उघडून, झटकून पाहावेत. घड मात्र समुद्राच्या स्वच्छ पाण्यात काही वेळ बुडवून मगच वर घ्यावा.