बाहुलीला ऑपरेशनला न्या

प्रश्न : माझ्या ५ वर्षांच्या मुलीचं हर्नियाचं ऑपरेशन बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) ठरलंय. रक्त काढायला नेलं तेव्हा 'दुखणार नाही' म्हटलं होतं. आता सुईचं नाव काढलं तरी रडते. काय करू?
– एक आई, डिचोली

उत्तर : ताई, आधी 'दुखणार नाही' म्हणणं सोडा. 'टोचेल, पण मी जवळच असेन' असं सांगा, तेही फार आधी नको. एक-दोन दिवस पुरेत.

मग तिची बाहुली पेशंट आणि ती डॉक्टर. बिनसुईची सिरिंज, कापूस, चिकटपट्टी, मास्क द्या. ती बाहुलीला रागारागाने टोचेल, पुन्हा पुन्हा टोचेल. टोचू द्या, अडवू नका, फक्त ऐका. मुलांच्या वॉर्डात खेळ घेताना एका मुलाला मी बाहुलीला बजावताना ऐकलं, 'मस्ती केलीस ना, म्हणून!' तो आजाराला शिक्षा समजत होता. असं काही कानावर आलं, तर तिचा काही दोष नाही हे लगेच आणि स्पष्ट सांगा. भूल देण्याआधी उपाशी ठेवतात. बाहुलीलाही उपाशी ठेवा.

सुईच्या वेळी आडवं दाबून धरण्याऐवजी तुमच्या मांडीवर बसवता येईल का, ते सिस्टरना विचारा. तेव्हा साबणाचे फुगे फुंकायला द्या. श्वास लांब सुटतो, लक्षही तिकडे जातं.

आणि विचारताना संकोच कशाला? संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क कराराचं ३१वं कलम खेळ हा मुलांचा हक्क मानतं. बाहुली ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत नेऊ देतील का, तेही आधीच विचारून ठेवा.